वजीरची पिल्लं

१

वजीर माझ्या डोळ्यांदेखत मेला. देवगाव रंगारीच्या शिवारात, विशाखा मगरेच्या वराहपालन केंद्राच्या फाटकाशी, भर उन्हात. शहरातल्या कृषी प्रदर्शनात त्याला न्यायचं होतं आणि आमच्या दैनिकाच्या शेतीच्या पानावर त्याच्याबद्दल लिहायला मी, सोमनाथ, सकाळीच तिथं पोचलो होतो.

वजीर म्हणजे पांढरं, थोराड नर डुक्कर. पंचक्रोशीत ज्यांच्याकडे चांगली डुकरं आहेत, त्यांच्याकडे बहुतेक त्याचीच लेकरं. नुसत्या दिसण्यावर त्याची निवड झाली नव्हती. विशाखा पशुवैद्यकशास्त्राची पदवीधर. पिल्लाच्या केसाच्या मुळातून जीन तपासून, कोणत्या जनावराचं मांस मऊ आणि रसदार होईल, कोणाचं फिकं आणि पाणचट होईल, हे ती जनावर वाढायच्या आधीच सांगायची. तिनं हे सुरू केलं तेव्हा तिचे वडील कडूबा म्हणाले होते, शिकूनसवरून डुकरं पाळायची? तिचं उत्तर गावात अजून सांगतात: "पाळत नाही बाबा, निवडते."

टेम्पोला फळी लावली होती. केंद्रावरचा जुना माणूस सांडू पुढून खुराकाची टोपली दाखवत होता. विशाखाचा चुलतभाऊ आकाश मागून लाकडी पाटी धरून जनावराला पुढं सरकवत होता. वजीर फळीवर चढला, ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि जनावर थरथरायला लागलं. कातडीवर तांबडे चट्टे उठले. तोंड उघडं टाकून ते धापा टाकू लागलं, मग चारही पाय लाकडासारखे ताठ झाले आणि ते आडवं पडलं. सांडूनं पाण्याच्या बादल्या ओतल्या. उपयोग झाला नाही.

विशाखा तेव्हा शहरात होती. आई गीताबाईंच्या मांडीचं हाड मोडल्यानं महिनाभराहून जास्त ती दवाखान्यातच राहत होती. दुपारी ती आली. मेल्यावरही अंग तव्यासारखं तापलेलं होतं. तिनं सुरी मागवून पाठीचा एक तुकडा कापला. मांस फिकं, लिबलिबीत, आणि त्यातून पाणी तिच्या हातावरून ओघळत होतं.

याचा अर्थ तिनंच मला सांगितला. काही डुकरांमध्ये एक सदोष जीन असतो. त्याच्या दोन्ही प्रती सदोष असल्या, आईकडून एक आणि बापाकडून एक, की जनावर घाबरल्यावर त्याचे स्नायू आवळतात ते सुटतच नाहीत. अंग तापतं आणि ते गाडीतच मरतं. मेलं नाही तरी मांस असंच पाणचट होतं. तो जीन आपल्या केंद्रातून घालवण्यात विशाखानं उमेदीची वर्षं घातली होती. वजीरमध्ये तो नाही, हे तिनं सगळ्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आकाश म्हणाला की कुणाला काही बोलायची गरज नाही, ऊन लागून मेला म्हणू आणि पुरून टाकू. विशाखानं सुरी खाली ठेवली, हात धुतले. मग ज्यांच्याकडे वजीरची पिल्लं होती, त्या एकेकाला तिनं स्वतः फोन लावला. वजीर असा असा मेला, माझी चूक झालेली असू शकते, खरं कळेपर्यंत त्याच्या लेकरांची पैदास थांबवा, असं सांगितलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या तालुक्यात बोभाटा झाला की मगरेबाईंचं जीनचं प्रकरण बोगस निघालं.

शेवटचा फोन तिनं डॉ. करुणा हिवराळेंना लावला.

२

करुणाबाई सरकारी नोकरीत रोगनिदानाचं काम करून निवृत्त झालेल्या. जनावर कशानं मेलं हे शोधण्यात मराठवाड्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. विशाखा त्यांची विद्यार्थिनी. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्यांना माझ्या गाडीतून घेऊन गेलो. रस्ताभर त्या मला काय दिसलं ते विचारत राहिल्या आणि मी काय समजलो ते सांगू लागलो की हात वर करून थांबवत राहिल्या.

बर्फात ठेवलेल्या जनावराभोवती त्या सावकाश फिरल्या. भरलेल्या मागच्या मांड्यांवरून हात फिरवला. मग कान उचलून नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला बघितला.

"हा बिल्ला कधी मारला?"

विशाखा म्हणाली, "पिल्लू होता तेव्हाच, मॅडम."

करुणाबाईंनी कान खाली ठेवला. मला त्यांनी त्या कानाचा जवळून फोटो काढायला लावला. भोकाची कड लालसर होती, खपली नुकतीच पडल्यासारखी.

सांडू गोठ्याच्या दाराशी उभा होता. वजीर अलीकडं कसा होता, असं त्याला विचारलं. त्यानं अभिमानानं सांगितलं, "लई झ्याक होता. ताई दवाखान्यात गेल्या तवापासून मी खुराक वाढीवला ना. मांड्या बगा कशा भरल्या त्याच्या."

गावात विषाची आवई उठली होती आणि बोट होतं काकासाहेबांकडे. त्यांची मोसंबीची बाग केंद्राला लागून. वासाबद्दल त्यांनी कैक तक्रारी केल्या होत्या आणि आदल्या दिवशी ते कुंपणापाशी उभे असलेले मीही पाहिले होते. करुणाबाईंनी विषाचा विषय तिथंच मिटवला. विषानं जनावर मरतं, पण त्याचं मांस असं फिकं आणि पाणचट होत नाही. हे जनावर त्या जीननंच मेलं यात त्यांना शंका नव्हती. खात्रीसाठी त्यांनी केस आणि मांसाचा तुकडा शहरातल्या प्रयोगशाळेत धाडला.

उत्तर आलं ते विशाखाला हादरवणारं होतं. दोन्ही प्रती सदोष.

मी विचारलं की मग जुना अहवाल खोटा होता का.  करुणाबाई म्हणाल्या की अहवाल चुकू शकतो, फ्रीजमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या बाटलीवरचं लेबलही चुकू शकतं, म्हणून त्यातलं काहीच त्या पुरावा धरणार नाहीत. मग त्यांनी विशाखाला विचारलं:

"वजीरची पिल्लं कुठं कुठं आहेत?"

३

पिल्लांचे केस गोळा करायला विशाखा आणि सांडू गावोगाव गेले. लोक काही बोलतील ही तिची भीती खरी ठरली. कुणी दार लावून घेतलं, कुणी तोंडावर म्हणालं की आमची डुकरं आता कोण घेणार. ती ऐकून घ्यायची, माफी मागायची आणि केस उपटून पाकिटात टाकायची.

इकडं करुणाबाई मला घेऊन माणसांना भेटत होत्या. काकासाहेब आधी फणकारले, मग मोसंबी सोलून पुढं ठेवली. डुकराचा वास येतो हे खरं, पण त्या पोरीशी आपलं वैर नाही, असं त्यांचं म्हणणं. कुंपणापाशी ते ठिबकच्या नळ्या बघत उभे होते. "मागं एकदा दिवेलागणीला आकाशनं विचारलं, खुराकाचा टेम्पो तुमच्या बांधावरून नेऊ का. मी म्हटलं ने. गड्यानं माझ्या नळ्या चेंदून टाकल्या. ताडपत्री अशी बांधलेली जसं काय आत नवरी बसलीय."

हे कधीचं, असं करुणाबाईंनी विचारलं. गीताबाईंना दवाखान्यात नेलं त्याच आठवड्यातलं, असं ते म्हणाले.

लासूर स्टेशनला इंद्रजीतचं मोठं केंद्र. वजीर पिल्लू असताना विशाखानं त्याच्याकडूनच घेतला होता. तो आम्हांला बाहेरच्या ऑफिसात बसवून मोकळेपणानं बोलला. विशाखा त्याच्याकडे आली होती तेव्हा एका वेतातल्या सगळ्या पिल्लांचे केस घेऊन गेली आणि परत येऊन त्यातलं सगळ्यात किरकोळ पिल्लू मागू लागली. भरीव मांड्यांची भावंडं तिनं सोडून दिली. तो तेव्हा पोट धरून हसला होता. जनावर ओळखायला डोळा लागतो, असं तो आम्हांला म्हणाला, आणि आता लोकांना ते पटलं असेल.

करुणाबाईंनी आत जनावरं बघायची इच्छा सांगितली. बाहेरून रोग येतो म्हणून कुणालाच आत सोडत नाही, असं सांगून त्यानं हात जोडले. नियम रास्तच होता. विशाखाकडेही तोच होता.

परतीच्या वाटेवर बाईंनी आकाशला फोन लावला. कृत्रिम रेतनासाठी वजीरचं वीर्य काढायचं काम आकाशकडे होतं. गावोगावचे लोक त्याचे डोस घेऊन जात. गेल्या महिन्यात किती डोस दिले, असं त्यांनी सहज विचारलं. वजीरच्या पायाला सूज होती म्हणून काम बंद ठेवलं होतं, असं तो म्हणाला.

बाईंनी फोन ठेवला आणि मला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मग सांडूला फोन लावला. वजीरचा पाय कधी सुजला होता का?

सांडू म्हणाला, "नाय बा. पाय एकदम खणखणीत."

४

पिल्लांचे निकाल आले त्या दिवशी आम्ही सगळे केंद्रावर होतो. विशाखा, कडूबा, आकाश, सांडू, मी. आपल्यावरचा विषाचा आळ पुरता गेला का ते ऐकायला म्हणून काकासाहेबही कुंपण ओलांडून आले होते. संपादकांना मी सकाळीच सांगून ठेवलं होतं की बातमी एक दिवस थांबवा, आणि त्यांनी नाराजीनं होकार दिला होता.

करुणाबाईंनी कागद बाजूला ठेवला आणि कडूबांकडे बघून बोलायला लागल्या. त्यांना समजलं तर सगळ्यांना समजेल, असा त्यांचा हिशेब असावा. प्रत्येक पिल्लाला एक प्रत आईकडून मिळते, एक बापाकडून, हे आधी सांगितलं. मेलेल्या जनावराच्या दोन्ही प्रती सदोष होत्या. म्हणजे त्याच्याकडं लेकरांना द्यायला चांगली प्रत नव्हतीच. आई कशीही असो, त्याच्या प्रत्येक पिल्लात एक तरी सदोष प्रत यायलाच हवी.

"आली का मग?" कडूबांनी विचारलं.

"एकातही नाही."

कडूबांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी बाप दुसराच."

करुणाबाईंच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू दिसलं. सगळ्या पिल्लांचा बाप एकच आहे, हे केसांच्या तपासणीतल्या दुसऱ्या जीनच्या खुणांवरून दिसत होतं. तो बाप म्हणजे हे मेलेलं जनावर नव्हे. पण मेलेल्याच्या खुणा पिल्लांशी बऱ्याच जुळत होत्या, जशा काकाच्या पुतण्यांशी जुळाव्यात. बर्फातलं जनावर वजीरचा सख्खा भाऊ होता.

विशाखा उठून उभी राहिली. तिला रडू आलं होतं आणि ते तिला लपवावंसंही वाटत नव्हतं. तिचं काम खोटं नव्हतं. वजीर जिवंत होता.

पुढचं बाईंनी एकामागून एक मांडलं. भाऊ आला तो लासूर स्टेशनहूनच, कारण ते वेत तिथलं. एका रंगाची, एका वयाची, एकाच तोंडवळ्याची जनावरं. वजीरचा बिल्ला कापून नव्या खिळ्यानं भावाच्या कानात बसवला, म्हणून भोकाची कड ताजी. आणि मांड्या खुराकानं भरल्या नव्हत्या. हा सदोष जीन असलेलं जनावर मुळातच जास्त भरीव दिसतं. डोळ्याला तेच आवडतं, म्हणून डोळ्यानं निवडणाऱ्याच्या केंद्रात तो जीन पिढ्यान्‌पिढ्या वाढत जातो.

मी विचारलं की फळीवर चढताच मेलेलं जनावर लासूरहून इथवर जिवंत कसं आलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन, काकासाहेबांच्या बांधावरून गेलेल्या त्या ताडपत्रीच्या टेम्पोतून, असं त्या म्हणाल्या. गुंगीत ते घाबरत नाही, आणि घाबरलं नाही तर मरत नाही. प्रदर्शनाच्या दिवशी ते इंजेक्शन द्यायला कुणाला सवड मिळाली नाही.

"सांडूला भाऊभाऊ ओळखू आले नाहीत यात नवल नाही," त्या पुढं म्हणाल्या. "पण वीर्य काढायचं तर नराला डमीवर, मादीच्या जागी ठेवलेल्या लाकडी घोड्यावर, चढायला आठवडे न् आठवडे शिकवावं लागतं. न शिकलेलं जनावर त्याच्याकडं बघतही नाही. वीर्य काढणाऱ्याला पहिल्याच दिवशी कळणार की हा वजीर नव्हे. त्यानं आरडाओरडा करायला हवा होता. त्यानं पाय सुजल्याचं सांगितलं."

कुणी आकाशकडे बघितलं नाही. तो स्वतःच खाली बसला.

५

आकाशनं काही नाकारलं नाही. विशाखाकडे न बघता तो जमिनीकडे बघून बोलत राहिला.

त्यानं दोन वर्षांपूर्वी एक नर आपल्या हातानं वाढवला होता. आई मेलेलं पिल्लू, बाटलीनं दूध पाजून जगवलेलं. नाव ठेवलं होतं शाहीर. चाचणीत त्याची एक प्रत सदोष निघाली आणि विशाखानं त्याला पैदाशीतून काढून बाजारात धाडलं. दिसायला केंद्रातलं सगळ्यात देखणं जनावर अहवालातल्या एका अक्षरापायी गेलं, हे आकाशच्या मनातून गेलं नाही. इंद्रजीतनं ती जखम बरोबर हेरली. ताई कागद वाचते, तू जनावर वाचतोस, माझ्याकडे ये, अर्ध्यात भागीदार करतो, असं त्याला सांगत राहिला. वजीरच्या लेकरांच्या मांसाला शहरातली मोठी हॉटेलं नावाजायला लागल्यावर आपण काय देऊन बसलो हे इंद्रजीतला कळलं होतं. पैदाशीपुरता वजीर दे, ताई दवाखान्यातून यायच्या आत परत आणून ठेवतो, असं त्यानं कबूल केलं.

मग प्रदर्शनाची तारीख अलीकडं आली. आकाशनं फोनमागून फोन केले. इंद्रजीतनं वजीर परत पाठवला नाही.

विशाखानं बराच वेळ ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "शाहीरला का काढला, ते मी तुला सांगितलं होतं ना?"

"कागद दाखवला होता, ताई. मला तो कागदच वाटला." आकाशनं पहिल्यांदा मान वर केली. "त्या दिवशी वजीरच्या भावाला मरताना बघितलं. पाटी माझ्याच हातात होती. त्याचं अंग लाकूड झालेलं पाटीतून कळत होतं मला. शाहीरच्या लेकरांतली काही अशीच गेली असती, व्हय ना?"

"हो," ती म्हणाली.

सांडूनं डोळे पुसले. कडूबांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला. विशाखानं पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं आणि तीत आकाशचंही नाव घातलं. तो स्वतः तिच्यासोबत चौकीत गेला आणि जबाब दिला. घरच्या माणसाला वाचवून ती लोकांपुढं उभी राहू शकली नसती, हे तिला ठाऊक होतं. पण ते तिला जड गेलं.

६

लासूर स्टेशनला इंद्रजीतनं शेवटपर्यंत ताणून धरलं. मागच्या शेडमधल्या नराच्या कानात त्याचा बिल्ला होता आणि जनावर आपलंच म्हणून तो शपथेवर सांगत होता. करुणाबाईंनी वाद घातला नाही. पोलिसांसमोर जनावराचे केस घेतले, पाकीट बंद करून सही घेतली. प्रयोगशाळेचं उत्तर आलं: गावोगावच्या त्या सगळ्या पिल्लांचा बाप हाच. इंद्रजीतवर गुन्हा दाखल झाला. वजीर देवगाव रंगारीला परतला, आणि विशाखानं पुन्हा एकेक फोन लावून पैदास सुरू करायला सांगितलं. ज्यांनी दार लावून घेतलं होतं त्यांनाही तिनं त्याच आवाजात सांगितलं.

माझी बातमी छापून आली. मला वाटलं, संपलं.

काही आठवड्यांनी विशाखाचा निरोप आला की लासूरला जायचंय, येता का. इंद्रजीत जामिनावर सुटला होता, पण केंद्राकडं फिरकत नव्हता. सगळं त्याची बायको श्रेया बघत होती. तिनंच विशाखाला फोन केला होता. तिचं म्हणणं असं की त्यांच्याकडची जनावरं वर्षानुवर्षं व्यापाऱ्याच्या गाडीत मरत आलीत. ज्यांनी त्यांच्याकडून पिल्लं नेली, त्यांचीही मरतात. आजवर ते उन्हाच्या माथी मारत आले. आता तिला झोप लागत नव्हती.

कडूबांना हे मुळीच पसंत नव्हतं. चोराच्या घरची डुकरं सुधारून द्यायची म्हणजे काय, असा त्यांचा सवाल होता. विशाखानं गाडीत मला त्याचं उत्तर दिलं. इंद्रजीतकडून पिल्लं नेणारे म्हणजे कुणी बडे लोक नाहीत, दोन-चार जनावरांवर घर चालवणारी माणसं आहेत. तिच्या केंद्रातून तो जीन गेला आणि शेजारच्या तालुक्यात राहिला, तर कधीतरी तो परत येणारच. आणि गाडीत मरणाऱ्या जनावराला आपण कुणाच्या घरचे हे माहीत नसतं.

करुणाबाई मागच्या सीटवर बसून ऐकत होत्या. आपल्या विद्यार्थिनीकडे त्या ज्या नजरेनं बघत होत्या, ती आरशात मला दिसली.

श्रेया फाटकाशी उभी होती.  विशाखानं गमबूट चढवले, हात धुतले आणि पहिल्या शेडपासून सुरुवात केली. श्रेया एकेक जनावर धरायची, विशाखा केस उपटायची, मी पाकिटावर नंबर घालायचो. कोपऱ्यातल्या खणात एक तरणा नर होता, भरीव मांड्यांचा, चकचकीत कातडीचा. त्याला धरताना श्रेयाचा हात थांबला.

"ह्यांचा हा लई लाडका," ती म्हणाली. "हा तरी चांगला असंल ना? दिसतो तर चांगला."

विशाखा त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, तो शांत होईपर्यंत.

"दिसायला देखणाच आहे," ती म्हणाली, "आता आतून कसा आहे ते त्यालाच विचारू." आणि तिनं चिमटीत त्याचे केस धरले.